किराणा दुकानातलं लेकरू आणि रंगबंद आहाराचे चार आठवडे: एक प्रकरण

मी लातूरला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. "रंगाचं खाणं बंद केलं की चंचल पोरं शांत होतात का हो मॅडम" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी कुणीतरी विचारतंच, आणि त्याचं सगळ्या लेकरांना लागू पडेल असं एक उत्तर नाहीये, पण एका लेकराच्या बाबतीत ते शोधता येतं, म्हणून हे एक प्रकरण सुरुवातीपासून लिहून काढतेय. घरच्यांना विचारून लिहितेय, गावाचं नाव देत नाही, ओळख पटेल अशा दोनचार गोष्टी बदलल्यात, आणि पोराला आपण बाळू म्हणू.

बाळू 7 वर्षांचा, दुसरीत. औसा तालुक्यातलं गाव. घर आणि किराणा दुकान एकाच पत्र्याखाली, पुढं दुकान, मागं स्वयंपाकघर आणि मधे नुसता एक पडदा. दुकानात सकाळी आई, दुपारी आजी, संध्याकाळी वडील. आणि बाळू दिवसभर ह्या पडद्याच्या आतबाहेर. दुकानाच्या तोंडाशी पाच पाच रुपयाच्या पुड्यांच्या लडी लटकलेल्या, त्या त्याच्या हाताला येतील एवढ्याच उंचीवर, कारण गावातल्या बाकीच्या लेकरांच्याही हाताला त्या याव्यात हाच तर धंद्याचा हिशोब असतो.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी आई त्याला घेऊन आली. ती बसायच्या आधी बाळूनं माझा वजनकाटा उलटा करून बघितला होता. आई म्हणाली, "मॅडम, लेकरू एका जाग्यावर बसतच न्हाई. शाळंतून रोज तक्रार यायलीय. जेवताना चार वेळा उठतंय, रात्री झोपना गेलंय, आता माझ्यानं होईना." आणि मग तिनं मोबाईल काढला, कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ होता, रंग बंद करा आणि आठ दिवसांत फरक बघा, गोळ्यांची गरज नाही, असा.

हे शेवटचं वाक्य मला खटकलं. कारण बाळूला त्याच्या आधीच एका बालरोगतज्ज्ञांनी नीट तपासलं होतं, कान, डोळे, रक्त, शाळेकडून भरून आणलेला फॉर्म, सगळं. एडीएचडी म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं, ह्याचं निदान एका भेटीत पोरगं उड्या मारतंय म्हणून करत नसतात. लक्षणांच्या नऊ नऊच्या दोन याद्या असतात, एकीतली तरी किमान सहा लक्षणं लागतात, ती सहा महिन्यांपेक्षा जास्त दिसलेली लागतात, बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली लागतात आणि घर, शाळा अशा दोन ठिकाणी तरी दिसावी लागतात. बाळूमधे हे सगळं बसत होतं. डॉक्टरांनी आईवडिलांना पोराशी कसं वागायचं ह्याचं ट्रेनिंग आणि गरज पडली तर औषध असं दोन्ही सांगितलं होतं. औषध म्हटलं की घर घाबरलं आणि तिथून तो व्हिडिओ.

मी त्या डॉक्टरांना फोन केला आणि आमचं असं ठरलं की चार आठवडे आहाराचा प्रयोग करू, पण बाकीचं काही त्याच्यासाठी थांबवायचं नाही. चार आठवडे म्हणजे चारच.

आजीचं मत वेगळं होतं. पहिल्यांदा घरी गेले तेव्हा म्हणाल्या, "बाई, ह्याचा बाप बी असाच हुता. झाडावरून उतरतच नव्हता. झाला का न्हाई नीट?" हे ऐकून मी खरंच वहीत लिहून घेतलं, कारण ही गोष्ट घराण्यात चालत येते, आईवडिलांपैकी कुणाला असेल तर लेकराला असायची शक्यता बरीच वाढते. आज्जींना वाटलं मी त्यांचं म्हणणं खोडते की काय. मी म्हटलं, आज्जी तुमचं बरोबर आहे, रंगामुळं हा आजार होतो असं मी म्हणतच नाहीये, असलेल्या चंचलपणात रंगामुळं भर पडतेय का एवढंच बघायचंय.

आता हे खूळ आलं कुठून तेही सांगते, कारण ते अगदीच हवेतलं नाहीये. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला बेंजामिन फाइनगोल्ड नावाचे ॲलर्जीचे डॉक्टर होते, त्यांनी 1973 साली मांडलं की कृत्रिम रंग, कृत्रिम स्वाद आणि सॅलिसिलेट नावाचा फळाभाज्यांत नैसर्गिकरीत्या असणारा घटक, हे काढलं की अतिचंचल मुलांपैकी बरीच सुधारतात. हजारो घरांत तो आहार सुरू झाला. मग आंधळ्या चाचण्या झाल्या, म्हणजे रंग दिलाय का नाही हे आईलाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही, आणि त्यात तो फरक जवळजवळ विरघळून गेला. 1983 च्या सुमारास बहुतेक तज्ज्ञांनी विषय बंद केला. पण 2007 साली इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनला मोठा प्रयोग झाला, 3 वर्षांची 153 आणि 8-9 वर्षांची 144 मुलं, आजारी नव्हेत तर साधी, नेहमीची मुलं, त्यांना काही आठवडे रंग आणि सोडियम बेंझोएट घातलेला ज्यूस आणि काही आठवडे तसाच दिसणारा साधा ज्यूस. रंगाच्या आठवड्यांत चंचलपणा थोडासा वाढलेला निघाला. थोडासा, आणि सगळ्यांचा नाही. त्याच्यावरून युरोपात 20 जुलै 2010 पासून त्या प्रयोगातल्या सहा रंगांपैकी कुठलाही असेल तर पुडीवर "मुलांच्या हालचालींवर आणि लक्ष देण्यावर वाईट परिणाम होऊ शकतो" अशा अर्थाची ओळ छापावी लागते. 2012 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी जुने सगळे अभ्यास एकत्र मोजले तेव्हा अंदाज निघाला की एडीएचडी असलेल्या मुलांपैकी साधारण 8 टक्के मुलांची लक्षणं खाण्यातल्या रंगांशी जोडलेली असू शकतात. म्हणजे शंभरात आठ. आई मला विचारत होती की माझं लेकरू त्या आठांत हाय का, आणि हा प्रश्न अगदी योग्य होता.

पहिला आठवडा काहीच बंद केलं नाही. हे घरच्यांना पटेना, आलोय कशाला मग, असं वडील म्हणाले. पण आधी किती होतं तेच माहीत नसेल तर नंतर कमी झालं कशावरून म्हणणार? दहा प्रश्नांचा एक छोटा फॉर्म असतो, कॉनर्सचा, सतत चुळबुळ, हातातलं काम अर्धवट सोडणं, लगेच रडू येणं, दुसऱ्या मुलांना त्रास देणं असे प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 30, आणि साधारण 15 च्या वर गेलं की जास्त समजतात. आई रोज रात्री भरायची, शाळेतल्या बाई एक दिवसाआड. बाईंना एवढंच सांगितलं की बाळूवर लक्ष ठेवायचंय, आहार कधी सुरू होणार ते सांगितलं नाही. आठवड्याची सरासरी आली आईची 22 आणि बाईंची 19.

त्याच आठवड्यात खाण्याची वही. एका मंगळवारचं पान माझ्याकडं आहे. सकाळी चहा आणि टोस्ट. शाळेत जाताना दुकानातून एक नारंगी जेलीची गोळी. डब्यात चपाती आणि लाल जॅम. शाळेतली खिचडी थोडीशी. आल्यावर बोटात घालून खायच्या रंगीत नळ्या, मग नळीतली बर्फाची पेप्सी हिरवी, मग अजून एक लाल. संध्याकाळी शरबत पावडरचं पिवळं पाणी. रात्री भाकरी दोन घास, मग रडारड, मग मसाला नूडल्स. झोपताना टॉनिक, नारंगी. आई हे लिहिताना स्वतःच गप्प झाली होती. तिनं पोराला उपाशी ठेवलं नव्हतं की दुर्लक्ष केलं नव्हतं, पण दुकान हेच घर असलं की खाणं मोजायला जागाच राहत नाही, आणि मला तिच्यावर ठपका ठेवणाऱ्यांचा राग येतो, कारण गिऱ्हाईक, स्वयंपाक, तीन वर्षांची धाकटी आणि बाळू हे सगळं ती एकटी ओढत होती.

एका दुपारी आम्ही दोघी दुकानाच्या पायरीवर बसलो आणि एकेक पुडी उलटी करून वाचली. अक्षर एवढं बारीक की मोबाईलनं फोटो काढून मोठं करायला लागलं. आपल्याकडं खाण्यात आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि पुडीवर त्याचं नाव किंवा नंबर लिहावा लागतो. 102 म्हणजे टार्ट्राझीन, पिवळा. 110 सनसेट यलो, नारंगी. 122 कार्मोइसिन आणि 124 पॉन्सो फोर आर, दोन्ही लाल. 133 ब्रिलियंट ब्लू, पिवळ्यात मिसळला की हिरवं. आणि 211 म्हणजे सोडियम बेंझोएट, तो रंग नाही, टिकाऊ करायला घालतात, सॉसमधे, शरबतात, जॅममधे. आईनं वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर हे नंबर मोठे लिहून गल्ल्यावर चिकटवले. खरी अडचण सुट्ट्या मालाची. कच्च्या रंगीत नळ्या गोणीतून किलोवर येतात, पेप्सीच्या नळीवर धड पत्ता नसतो, जिलेबीवाल्याच्या डब्यात काय आहे कोण सांगणार. त्यामुळं नियम केला की नंबर वाचता येत नसेल आणि रंग भडक असेल तर बंद.

सॅलिसिलेटचं काय, तर ते मी काढलंच नाही, आणि हा निर्णय विचार करून घेतला. फाइनगोल्डच्या यादीत टोमॅटो, काकडी, संत्री, द्राक्षं, सफरचंद, बदाम हे बंद होते. पण सॅलिसिलेट सगळ्यात जास्त असतं ते मसाल्यांत, हळद, जिरं, तिखट. म्हणजे ते खरंच काढायचं म्हटलं तर मराठवाड्यातल्या घरात फोडणीच बंद, वरण बंद, येसर बंद. बाळूचं वजन 19 किलो होतं, वयाच्या मानानं कमीच, आणि हिमोग्लोबिन 10.2, ह्या वयाला 11.5 तरी पाहिजे. अशा लेकराचं ताट अजून रिकामं करणं मला मंजूर नव्हतं. युरोपात चार-पाच पदार्थांवर मुलांना ठेवून केलेले प्रयोग आहेत, त्यात फरक जास्त दिसतो असंही आहे, पण ते आहारतज्ज्ञ आणि डॉक्टर दर आठवड्याला समोर असताना. किराणा दुकानामागच्या स्वयंपाकघरात ते करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. साखरही बंद केली नाही. साखरेनं मुलं चेकाळतात हे सगळ्यांना वाटतं, पण आंधळ्या चाचण्यांत ते दिसलेलं नाही.

मग राहिलं काय खायला? सगळंच राहिलं की. ज्वारीची भाकरी, वरण, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, धपाटे आणि दही, अंडं, तांदूळजा, मेथी, केळी, पेरू, बोरं, गूळ. दुकानातच त्याच्यासाठी वेगळी बरणी केली, फुटाणे, मुरमुरे, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर. बरणीला त्याचं नाव. लडी तोंडाशी होत्या त्या आत गल्ल्याच्या मागं वरच्या खिळ्याला गेल्या. ह्याच्यावर वडील खरंच नाराज झाले, "गिऱ्हाईक तुटायलंय मॅडम, पोरं लडी दिसल्या की येतेत." आणि ते खोटं नव्हतं, पहिल्या आठवड्यात गल्ला कमी झाला. त्यांनी तरी चार आठवडे निभावलं. ह्या आहाराचा खर्च कुणी मोजत नाही. भाज्यांचा नाही म्हणत मी, आईच्या हातांचा आणि वडिलांच्या गल्ल्याचा.

आणि आता इथं आमची एक चूक. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रंग बंद केले, आणि फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, त्याचा रिपोर्टही तेव्हाच आला, कमी. डॉक्टरांनी लोहाचं औषध सुरू केलं, ते थांबवून ठेवणं योग्यच नव्हतं. शिवाय दुकानाची रचना बदलली तसं आईनं त्याची झोपायची वेळही साडेअकरावरून साडेनऊवर आणली, मोबाईल नऊला बंद, संध्याकाळचा चहा बंद. म्हणजे एकाच आठवड्यात चार गोष्टी बदलल्या. त्यातली झोपेची आणि चहाची गोष्ट मी आठवडाभर आधी करून घ्यायला पाहिजे होती, तेव्हा सुचलं नाही. लोह कमी असलं की चुळबुळ आणि लक्ष न लागणं हे दोन्ही वाढू शकतं, झोप कमी असली की तर विचारूच नका. त्यामुळं पुढं जे दिसलं ते रंगामुळंच असं म्हणायला आम्हाला सोय राहिली नाही.

गडबडीही झाल्या. सहाव्या दिवशी खोकला आला आणि आज्जींनी जुनं गुलाबी खोकल्याचं औषध पाजलं. लेकरांची बहुतेक सिरप रंगीत असतात आणि त्यात 211 सुद्धा असू शकतो हे त्यांना कसं माहीत असणार. अकराव्या दिवशी शाळेत कुणाचा तरी वाढदिवस, गोळ्या वाटल्या. आम्ही ठरवलं होतं की चोरून खाल्लं तरी ओरडायचं नाही, फक्त लिहायचं, नाहीतर लेकरू लपवायला शिकतं आणि वही खोटी होते. बाळूनं स्वतः येऊन सांगितलं, "मम्मी, लाल खाल्ली, लिही." मला वाटतं ह्या अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात चांगली गोष्ट हीच झाली.

वेळ अमावस्या ह्याच काळात आली. आमच्या लातूर-धाराशिवकडं येळवस म्हणजे सगळे शेतात, घरात कुणी थांबतच नाही. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे, धपाटे, सगळं घरचं, एकही पुडी नाही. आई सांगत होती की दिवसभर तो बांधावरून पळाला, बोरं पाडली, भज्जी दोनदा मागून खाल्ली आणि रात्री आठला गाडीतच झोपला. त्या दिवशीचा आकडा 9, महिन्यातला सगळ्यात कमी. रंग नव्हते म्हणून? का मोकळं रान होतं आणि एका जागी बस असं म्हणायलाच कुणी नव्हतं म्हणून? मी तो आकडा सरासरीत धरला नाही.

चार आठवड्यांनी आईची सरासरी 13. 22 वरून 13. घरात आनंदीआनंद, वडील म्हणाले लडी तशाच वर राहू द्या. बाईंची सरासरी 16, 19 वरून. आता ह्या दोन आकड्यांत जो फरक आहे त्याच्याकडं बघा. आईला माहीत होतं आहार चालू आहे, बाईंना माहीत नव्हतं. बहुतेक घरं इथंच थांबतात, फरक पडला म्हणतात आणि वर्षानुवर्षं लेकराला जत्रेत, लग्नात, वाढदिवसाला हात आवरायला लावतात. मी आईला म्हटलं, अर्धंच काम झालंय, आता रंग परत द्यायचे. ती माझ्याकडं बघतच राहिली.

परत द्यायची पद्धत डॉक्टरांनी ठरवली. चिंच-गुळाचं सरबत, ते मुळातच काळपट, रंग मिसळला तरी कळत नाही, आणि झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत. सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीत दोन दिवस सकाळी शाळेच्या आधी बाटली आणि तिसरा दिवस रिकामा. तीन फेऱ्यांत परवानगीच्याच रंगांचं मोजून 25 मिलिग्रॅम मिश्रण आणि बेंझोएट, साउथॅम्प्टनला मोठ्या मुलांना दोन मिश्रणांपैकी पहिल्यातून रोज रंग दिले होते त्याच्या आसपास, आणि तीन फेऱ्यांत नुसतं सरबत. कुठल्या फेरीत काय हे दवाखान्यातल्या सिस्टरनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं आणि पाकीट डॉक्टरांच्या कपाटात. मला माहीत नाही, आईला नाही, बाईंना तर नाहीच. हे घरच्या घरी करू नका, बाजारातल्या रंगाच्या डबीतून अंदाजानं चिमूट टाकली तर किती मिलिग्रॅम गेला ते कळतच नाही.

दुसऱ्या फेरीच्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी आईचा फोन, आवाज रडवेला, "मॅडम, आज रंगच हुता, शंभर टक्के. तराजूचं पारडं तोडलं, धाकटीला ढकललं, आज्जीला उलटं बोलला." मी म्हटलं गुण लिहा, 21 लिहिले. शेवटी पाकीट उघडलं तेव्हा ती फेरी नुसत्या सरबताची निघाली. आईला धक्काच बसला. मला तिला वाईट वाटू द्यायचं नव्हतं म्हणून मी तिला 1994 सालचा एक अमेरिकन प्रयोग सांगितला, आयांना सांगितलं की तुमच्या मुलाला साखर दिलीय, दिली होती खरं तर बिनसाखरेची गोडी, पण त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल दिसली, आणि त्या मुलांच्या जास्त जवळ घुटमळल्या, जास्त टोकलं. ह्याचा अर्थ आई खोटं बोलते असा नाही. आपण ज्याची भीती घेऊन बघतो ते आपल्याला दिसतं, डॉक्टरलाही दिसतं, म्हणून तर पाकीट कपाटात ठेवायचं.

एकूण हिशोब असा आला. रंगाच्या दिवसांची आईची सरासरी 17, साध्या दिवसांची 14. बाईंची 17 आणि 16. रंगाच्या तीन फेऱ्यांपैकी दोनांत दोघींनाही वाढ दिसली, तिसऱ्या फेरीत काहीच नाही. सहापैकी चार फेऱ्या आईनं बरोबर ओळखल्या, तेवढं तर नाणं उडवूनही जमू शकतं. डॉक्टरांचं आणि माझं एकमत असं झालं की बाळूला रंगानं थोडा फरक पडत असावा, घरी तीन गुणांएवढा, शाळेत एखाद्या गुणाएवढा, आणि 22 वरून 13 मधला बाकीचा मोठा भाग झोप, लोह, चहा, वेळेवर भाकरी आणि घरातल्या सगळ्यांचं एका महिन्यासाठी त्याच्याकडं लागलेलं लक्ष, ह्यांचा. मी तो कागद आईवडिलांसमोर ठेवून हेच सांगितलं. वडील म्हणाले, "म्हंजी रंग बंद ठेवायचे का न्हाई?" सरळ प्रश्न. मी म्हटलं, रोजचे बंद ठेवा, तसंही त्या रंगात पोटाला लागेल असं काही नाही, पण लग्नात जिलेबी खाल्ली म्हणून घर डोक्यावर घेऊ नका. टोमॅटो सॉस, घरचं लोणचं, साखर, चॉकलेट ह्यांचा त्याच्याशी संबंध दिसला नाही, ते नेहमीसारखं. सॉसमधे 211 असतो हे मान्य, पण तो जातो चमचाभर.

महाशिवरात्रीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत आत्यानं त्याला दोन गुलाबी बुढ्ढी के बाल घेऊन दिले. त्या रात्री तो एक वाजेपर्यंत जागा होता. यात्रेत पाळणे असतात, लाऊडस्पीकर असतात, आत्याची पाच पोरं असतात, त्यामुळं त्यातून मी काहीच निष्कर्ष काढत नाही. पण ह्या निमित्तानं एक गोष्ट घरच्यांना बजावली आणि इथंही लिहिते. परवानगीचा रंग वेगळा आणि बिनपरवानगीचा वेगळा. आपल्या शेजारी कर्नाटकात मार्च 2024 मधे रंगीत बुढ्ढी के बाल आणि गोबी मंच्युरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी आली, कारण नमुन्यांत रोडामिन बी सापडलं होतं, ते कपड्याला वापरायचा रंग, खाण्याचा नाहीच. तिथं प्रश्न चंचलपणाचा नाही, विषाचा आहे, आणि तिथं शंभरात आठ वगैरे हिशोब लागत नाही, कुणाच्याच लेकराला देऊ नका. पांढरे मिळतात, ते द्या.

शाळेचा प्रश्न मात्र आहारानं सुटला नाही. बाईंचा आकडा 16 च्या खाली जाईना, पान अर्धवट, वाचन पहिलीच्या मागं. बाई मनानं चांगल्या, त्यांनी त्याला पहिल्या बाकावर घेतलं, पाटी पुसायचं, हजेरी नेऊन द्यायचं काम दिलं, म्हणजे उठायला कारण मिळालं, त्यानं बरंच सोपं झालं. एप्रिलमधे डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध कमी मात्रेत सुरू केलं. ह्यावेळी घर घाबरलं नाही, कारण आहाराचा रस्ता त्यांनी स्वतः चालून, लिहून, तपासून बघितला होता, आणि त्याची पोच किती आहे हे त्यांना मी नाही, त्यांच्या वहीनं सांगितलं होतं. शाळा सुरू असताना तीन आठवडे मिळाले, त्यात बाईंची सरासरी 11.

ह्या गोळीनं भूक कमी होते, आणि तिथं माझं काम परत सुरू झालं. गोळीच्या आधी पोटभर खायला घालायचं, धपाटे दही, किंवा अंडं भाकरी, किंवा शेंगदाण्याचं कूट घालून उपमा. दुपारचं जेवण कमी जाणार हे धरून चालायचं, जबरदस्ती नाही. संध्याकाळी साडेपाचला परत भूक लागते तेव्हा पुडी नाही तर खरं जेवण तयार पाहिजे. महिन्याला वजन. 19 वरून 20.6 झालंय, हिमोग्लोबिन 11.7.

लडी अजून वरच्याच खिळ्याला आहेत. गल्ला परत पहिल्यासारखा झाला, वडिलांनी चिक्की आणि राजगिरा लाडूच्या बरण्या तोंडाशी मांडल्यात, त्या खपतात म्हणे, पुड्यांएवढ्या नाही.

मागच्या भेटीत आई धाकटीला घेऊन आली होती. ती तीन वर्षांची, शांत, आपली आपण खेळणारी. "हिचं पण बंद करू का मॅडम सगळं?" मी म्हटलं हिला प्रयोगाची गरज नाही, वही नको, फॉर्म नको. भाऊ बरणीतलं खातो ते तिलाही द्या, आणि नळीतली पेप्सी कुणालाच नको, त्यातलं पाणी कुठलं तेच कुणाला माहीत नसतं. तेवढ्यात बाळूनं टेबलावरून माझा चष्मा उचलला होता. आईनं नुसतं नाव घेतलं, त्यानं तो परत ठेवला आणि वजनकाट्यावर जाऊन उभा राहिला.